चुडाव्याला उतरताना

रविवार, ९ फेब्रुवारी १९५८

उजवा पाय मुरगळला. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी सूज आहे आणि बसल्या बसल्या ती वाढताना दिसते. आज दुसरं काही करता येत नाही, म्हणून वही काढली. माझं सगळं शिक्षण उर्दूतून झालं. आता शाळा मराठी, कागद मराठी, राज्यही नवं. सत्तेचाळिसाव्या वर्षी हात वळवायचा तर तो घासावा लागतो, म्हणून जमेल तसं एक पान लिहीत असतो.

घडलं ते असं. नांदेडचं लग्न आटोपून आम्ही दोघं दुपारच्या पॅसेंजरने निघालो. चुडाव्याला गाडी मिनिटभर थांबते आणि फलाट म्हणजे नुसता मुरूम. गाडी थांबली म्हणून मी उतरायला लागलो तर मागून हिने, म्हणजे बायनाबाईने, माझा कोट धरून ओढला. तोल गेला, पाय वाकडा पडला, मी मुरमावर बसलो. कोटाची बाही काखेत उसवली ती वेगळीच. ओढलं नसतं तर नीट उतरलो असतो, हे घरी येईपर्यंत मी हिला दोनदा सांगितलं. मी लिंबाजी पोर्टरच्या खांद्यावर हात टाकून लंगडत होतो. ही डाव्या हातात पिशवी घेऊन मागून येत होती.

सोमवार, १० फेब्रुवारी

शाळेत चिठ्ठी पाठवली. सकाळी तानुबाई आली. गावात कुणाचा पाय मुरगळो, मान अवघडो, कमरेत उसण भरो, या म्हातारीलाच बोलावतात. कोमट तेल लावून तिने घोटा असा रगडला आणि अंगठा असा ओढला की मी तिला नको ते बोललो.

"मास्तर, लेकरं बी एवढं वरडत न्हाईत," ती म्हणाली.

आंबेहळद आणि तुरटीचा गरम लेप लावून झाल्यावर तिने हिच्याकडे पाहिलं. "तुजं तोंड कामून उतरलंय गं?"

"लग्नाचं जागरण झालंय," ही म्हणाली.

दुपारपर्यंत सूज दुप्पट. घोट्याखाली जांभळं पडलं आहे.

जेवताना हिने डाव्या हाताने भाकरी वाढली. डाव्या हाताने वाढू नये, हे या वयात मी सांगावं का? पण सांगितलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बन्सीधर डॉक्टर दर मंगळवारी पूर्णेहून गावात येतात. पाय बघून त्यांचा पहिला प्रश्न, "कुणी चोळला?" मी तानुबाईचं नाव घेतलं नाही, पण त्यांनी ओळखलं. त्यांनी बोटांनी हाडं चाचपली, भार देऊन चार पावलं टाकायला लावली. हाड मोडलेलं नाही.

"हाडाला हाड बांधून ठेवणारे आत पट्टे असतात, गुरुजी. पाय आत वळला की बाहेरचा पट्टा ताणतो, त्याचे थोडे धागे तुटतात. आतल्या आत रक्त सांडतं. ही सूज आणि हा निळा रंग, ते तेच. त्यावर लगेच चोळलं, शेकलं की आणखी सांडतं."

अजून तीन दिवस गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या, पाय उशीवर उंच ठेवायचा, आणि त्यांनी दिलेली ताणाची पट्टी बोटांपासून वर बांधत न्यायची. चोळणं बंद. नंतर मात्र पाय हळूहळू हलवायचा. "फार जपून ठेवला तरी वाईट. आखडून बसेल."

ही दाराशी उभी राहून ऐकत होती. डॉक्टर पिशवी आवरायला लागले तेव्हा म्हणाली, "डाक्टरसाब, खांद्याचं बी असंच असतंय का?"

"कुणाचा खांदा?"

ही जरा थांबली. "सुमनबाईचा. शेजारच्या."

मी म्हणालो, सुमनबाईला पाय आहेत, ती येईल स्वतः, डॉक्टरांना अजून चार घरं करायची आहेत. डॉक्टर हसले आणि गेले. कुठं काय विचारावं हे हिला कळत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सूज उतरते आहे. निळ्याचं आता हिरवट-पिवळं झालं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढतो. अ, आ, इ काढायला घेतो आणि अलिफ-बे निघतं. पाय अजून उर्दूतच लिहितो.

एक तक्रार लिहून ठेवतो. ही गार पाण्याच्या घड्या नीट पिळत नाही. फडकं घंगाळाच्या काठावर दाबते आणि तसंच आणून ठेवते. काल सगळं अंथरूण ओलं झालं. मी बोललो नाही. एरवी हिच्या कामात खोट निघत नाही, म्हणून लिहिलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

डॉक्टर आले नाहीत. पूर्णेला देवीची साथ आहे म्हणे.

दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक, लग्नाहून आल्यापासून हिच्या अंगात तीच हिरवी, मोठी ढगळ चोळी आहे. विचारलं तर म्हणाली, "धुवून घालते की." दुसरी, मी लेप बंद करून आठवडा झाला तरी वाटीतली आंबेहळद संपत आली आहे. सुमनबाई मागून नेत असावी. हिला नाही म्हणता येत नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काठी घेऊन शाळेत गेलो. वाटेत निदान वीस जणांनी पायाची चौकशी केली. बरं वाटलं. एवढ्या वर्षांत गाव आपलं झालं.

ही ज्वारी काढायला बायांबरोबर शेतात गेली होती, ती उन्हं डोक्यावर यायच्या आत परत. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पात अर्ध्यात सोडून आल्याचं मला आठवत नाही. "डोकं दुखायलंय," म्हणाली. वय झालं हिचंही.

मंगळवार, ४ मार्च

मुआइना झाला. आता तपासणी म्हणायचं. नवे डिप्टीसाहेब पुण्याकडचे, मराठी शुद्ध. मी उभा राहून शिकवत होतो तर म्हणाले, "गुरुजी, पाय दुखावलाय ना? बसून शिकवा." मुलांनी कविता चांगली म्हटली. शेऱ्यात 'शिक्षक जिद्दीचे आहेत' असं लिहून गेले.

घरी येऊन हिला वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, "लय चांगलं झालं." आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. आणखी दोन वेळा वाचायची माझी इच्छा होती.

भाकरी हल्ली जाड आणि एका बाजूला कच्ची असते. नव्या ज्वारीचं पीठ असेल.

बुधवार, १२ मार्च

आज जे कळलं ते जसंच्या तसं लिहितो.

परभणीहून शाळेच्या पुस्तकांचं पार्सल यायचं होतं म्हणून स्टेशनात गेलो. लिंबाजी पोर्टरने पार्सल काढून दिलं आणि म्हणाला, "गुरुजी, बाईचा हात कसाय आता?"

"कोणत्या बाईचा?"

"अवो, तुमच्या घरच्या बाईचा."

मी म्हणालो, हाताला काय झालंय? पाय माझा मुरगळला. लिंबाजी जरा जवळ सरकला. मग हळू आवाजात बोलला.

"गाडी थांबली नव्हती गुरुजी. तुमी चालत्या गाडीतून उलट्या तोंडानं पाय टाकलाव. पाय घसरून पायरीच्या खाली गेला, चाकाकडं. बाईनं एका हातानं दांडा धरला आन् दुसऱ्या हातानं तुमाला कोटाला धरून तोलून धरलं. गाडी थांबंस्तोवर. दहा-बारा पावलं तुमी तसेच फरफटत आलाव. मी पळत आलो तवर गाडी थांबली, मंग तिनं सोडलं."

"मला आठवत नाही."

"कसं आठवंल. तुमचे डोळे मिटलेले व्हते. बाईचा हात असा लोंबत व्हता. पिशवी उचलून तिच्या डाव्या हातात मीच दिलो."

पार्सल तिथेच ठेवून घरी आलो. ही परातीत पीठ मळत होती. डाव्या हाताने. उजवा हात कोपरात वाकवून, काखेत वही धरल्यासारखा अंगाशी चिकटवलेला. महिनाभर मी हेच बघत होतो.

"उजवा हात वर कर," मी म्हणालो.

"कशाला?"

"कर."

हात छातीपर्यंत आला आणि तिथून सगळं अंगच वाकडं झालं. खांदा जागचा हलला नाही.

"मला का नाही सांगितलं?"

पिठाचा हात तसाच ठेवून ती म्हणाली, "तुमी म्हणलाव, मी वढलं म्हणून पडलाव. घरी येऊस्तोवर दोनदा म्हणलाव. मंग माजा खांदा दुखायलाय हे कोणत्या तोंडानं सांगू?"

तिच्या आवाजात राग नव्हता.

मागची पानं काढून वाचली. घड्या, चोळी, आंबेहळद, भाकरी. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. अकरा फेब्रुवारीचं पान फाडून टाकावंसं वाटलं. फाडलं नाही.

गुरुवार, १३ मार्च

रजा टाकून हिला पूर्णेला नेलं. गाडीत चढताना दांडा धरायला तिचा हात वर जात नव्हता. मी खालून आधार दिला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" मी सांगायला लागलो. त्यांनी हात करून मला थांबवलं आणि हिला म्हणाले, "तुम्ही सांगा." मग ही जे बोलली तेवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलेलं नाही. पहिले आठ दिवस खांद्यात सुरी फिरवल्यागत दुखत होतं. त्या कुशीवर झोपता येत नव्हतं, म्हणून भिंतीला टेकून बसत होती. केस विंचरून सुमनबाई देते. दुसऱ्या चोळ्यांत हात जात नाही. शेतात विळा डाव्या हातात धरला तर पायावर येता येता राहिला. आता दुखणं कमी आहे पण हात आपला नसल्यासारखा आहे. लेप लावला, उपयोग झाला नाही. "लेप डाव्या हातानं लावायचा तर मागं हात पोचत न्हाई," ती म्हणाली.

डॉक्टरांनी खांदा सगळीकडून दाबून, फिरवून पाहिला. हाड ठीक आहे, सांधा जागेवर आहे. हात उचलणारे जे स्नायू खांद्याच्या हाडावरून जातात त्यांना त्या झटक्याने हिसका बसला, थोडे फाटले असतील. दुखतं म्हणून हिने महिनाभर हात अंगाशी धरून ठेवला, आणि आता सांधा आतून आखडून चिकटला. पहिल्या दिवसांत झोळीत विसावा आणि मग थोडी थोडी हालचाल मिळाली असती तर इतका आखडला नसता.

"अकरा फेब्रुवारीला हिने तुम्हाला विचारलं होतं," मी म्हणालो. "मी तिला गप्प केलं."

डॉक्टर म्हणाले, "मीही हसून निघून गेलो होतो, गुरुजी. कुणाचा खांदा ते उठून बघायला हवं होतं."

उपाय वेळखाऊ आहेत. गरम पाण्याच्या फडक्याचा शेक, दिवसातून दोनदा. मग पुढे वाकून, डावा हात बाजेवर टेकून, उजव्या हातात पाण्याचा तांब्या धरून हात नुसता झुलू द्यायचा. आणि भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, सहन होईल तिथपर्यंत. जड उचलायचं नाही. सहा महिने, कदाचित वर्ष. पूर्ण सुटेल असं ते म्हणाले नाहीत.

रविवार, १६ मार्च

पाणी मी आणलं. विहिरीवर बाया बाजूला सरकल्या. मास्तर घागर घेऊन! मला लाज वाटली हे खरं आहे. परत येताना घागर अशी हिंदकळली की धोतर भिजलं. सुमनबाई तिच्या दारातून म्हणाली, "भाऊजी, घागरीखाली चुंबळ ठेवा." आवाजात हसू होतं पण टोचणी नव्हती. उद्या ठेवीन.

भाकरी जमली नाही. पहिली परातीलाच चिकटली. ही बाजूला बसून सांगत होती. "पाणी कमी. आता जास्ती झालं. थापा, मारू नका." शेवटी आम्ही फोडणीच्या कण्या खाल्ल्या.

रविवार, २३ मार्च

शाळेतला खडू आणून भिंतीवर तिची बोटं पोचतात तिथे रेघ मारतो. पहिली रेघ तिच्या हनुवटीच्या खाली. आठ दिवसांत दोन बोटं वर गेली. तांब्या झुलवताना ती स्वतःशीच हसली. मी विचारलं तर म्हणाली, "गाईच्या शेपटीगत हालायलाय."

बुधवार, ९ एप्रिल

आज वाईट केलं.

पंधरा दिवस रेघ तिथल्या तिथेच होती. शाळेला आता उन्हाळ्याच्या सुट्या लागतील, मला वेळ आहे, मनावर घेतलं तर होईल असं वाटलं. ती भिंतीशी उभी असताना मी मागून तिचं कोपर धरलं आणि वर लोटलं. "थोडंच, थोडंच," म्हणत होतो. ती ओरडली नाही. तोंडातून हवा गेल्यासारखा आवाज आला आणि ती खाली बसली. हात पुन्हा अंगाशी.

संध्याकाळी म्हणाली, "तुमाला सगळंच घाईनं लागतंय. गाडीतून बी."

त्या दिवसाबद्दल ती आपणहून पहिल्यांदा बोलली. मी म्हणालो, "तू मला धरलं नसतंस तर पाय गेला असता. कदाचित मीच." हे मी महिनाभर मनात बोलत होतो, तोंडातून आज निघालं. आणि हेही म्हणालो की तुझ्यामुळे पडलो असं म्हणालो ते चूक होतं.

ती पदराशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "तवा मला काय सुचलं न्हाई. कोट हाताला लागला, तो धरला." थोड्या वेळाने, "मंग सोडावं वाटंना."

रविवार, २० एप्रिल

मंगळवारी डॉक्टर आले. झालं ते मी सांगितलं. ते रागावले नाहीत. "आखडलेला सांधा ओढून सुटत नाही. दुखलं की तो आणखी आवळतो. जिथवर ती नेईल तिथवर. तुम्ही फक्त रेघ मारा." रेघ चार बोटं खाली गेली होती. ती पुसून वरची जुनी ठेवावी असं मनात आलं. पण जिथे पोचते तिथेच मारली.

तानुबाईही आली होती. डॉक्टरांसमोर दबकली, पण त्यांनीच तिला विचारलं, उसण भरलेल्या कमरेला काय करता? तिने निरगुडीच्या पाल्याचा शेक सांगितला. डॉक्टर म्हणाले, या खांद्यालाही शेक तुम्हीच देत जा, हात हलका ठेवून, ओढायचं नाही. तेव्हापासून म्हातारी रोज येते. ती आली की मी बाहेर ओट्यावर बसतो. आतून दोघींचं बोलणं ऐकू येतं. बहुतेक माझ्याबद्दलच असतं.

रविवार, ११ मे

रेघ ओठांपर्यंत. माझा पाय पूर्ण बरा आहे. पायाचं कुणी आता विचारत नाही आणि हिच्या खांद्याचं गावात कुणी कधी विचारलंच नाही, एक लिंबाजी सोडला तर. काल मीच विहिरीवर सांगितलं, कसं झालं ते, सगळं, माझ्या उलट्या पावलासकट. बाया ऐकत राहिल्या. घरी आल्यावर ही म्हणाली, "गावभर कामून सांगायलाव?" पण दुपारी तीन जणी भेटायला आल्या तेव्हा तिने स्वतः हात वर करून दाखवला.

रविवार, २९ जून

भाकरी जमते. गोल नाही, पण शिजते. ही खाते आणि मीठ कमी आहे म्हणते. भाकरीत मीठ नसतंच, हे तिलाही माहीत आहे.

पेरणीला ती बांधावर बसून होती. तिला बसवत नव्हतं. मी म्हणालो, एक वर्ष बस. म्हणाली, "बसायला बी शिकावं लागतंय."

मंगळवार, २ सप्टेंबर

रेघ कानापर्यंत येऊन दीड महिना झाला. डॉक्टरांनी आज पाहिलं. दुखणं गेलं, हात मागे कमरेपर्यंत जातो, पीठ मळता येतं. यापुढे सुटेल किंवा इथेच राहील, सांगता येत नाही. घागर डोक्यावर घेणं मात्र सोडून द्या.

मला वाईट वाटलं. मी विचारलं, नांदेडला, हैदराबादला मोठे डॉक्टर? ही मधेच म्हणाली, "डाक्टरसाब, मला वेणी घालता येती. माजं अडत न्हाई आता."

रविवार, १४ सप्टेंबर

सकाळी ही म्हणाली, "भिंतीवर रेघा वढण्यापरीस घर खाली घ्या."

मला आधी कळलंच नाही. मग तिने हात वर करून दाखवला, कानापर्यंत, आणि फळीकडे बोट केलं. फळी वीतभर वर होती.

दिवसभर तेच केलं. डब्यांची फळी काढून तिच्या हाताच्या उंचीला ठोकली. शिंकं खाली सोडलं. देवाचा कोनाडा हलत नाही, त्याच्याखाली पाट ठेवला. खुंट्या उपटून खाली मारल्या, जुन्या भोकांत माती लिंपली. प्रत्येक ठिकाणी ती आधी हात नेऊन दाखवायची आणि मी खूण करायचो. एका खुंटीला मी उगीच दोन बोटं वर खूण केली, पुढेमागे हात सुटेल म्हणून. तिने ती पुसून खाली करायला लावली.

शेवटी अंगणातली वाळवणाची दोरी. ती खाली बांधली तर अंगणाच्या मधोमध माझ्या गळ्याशी येते. मी म्हणालो, "येता-जाता गळ्यात अडकेल की माझ्या."

ती लुगडं वाळत घालत होती. दोन्ही हातांनी.

"वाकून जात जा," ती म्हणाली.